मागचं जरा वाढवून द्या

डीटीपीच्या दुकानात, स्मरणिकेच्या संपादकाकडे, लग्नाचे अल्बम करणाऱ्याकडे किंवा फ्लेक्स छापणाऱ्याकडे एक मागणी हल्ली रोज ऐकू येते: “फोटो उभा आहे, आडवा करून हवाय. मागचं जरा वाढवून द्या.” मागणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही आणि करून देणाऱ्यालाही नाही. माणसाला हात लावायचा नसतो, कोणाला काढायचं नसतं की कोणाला घालायचं नसतं. भिंत थोडी लांबवायची, आभाळ थोडं उंच करायचं, एवढंच. पूर्वी या कामाला बराच वेळ जायचा आणि हात कसलेला असावा लागायचा. आता चौकटीची कड माउसने बाहेर ओढायची, एक बटण दाबायचं आणि काही सेकंद थांबायचं.

माझं म्हणणं असं आहे की फोटोत माणसामागे जे दिसतं, ते माणसाइतकंच साक्षीला उभं असतं. म्हणून ज्या फोटोकडे आपण पुरावा, आठवण किंवा इतिहास म्हणून बघतो, त्याची मागची बाजू वाढवणं म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी त्याने न उच्चारलेली वाक्यं घालणं आहे. साबणाच्या जाहिरातीत याने काही बिघडत नाही. पण बातमीत, संस्थेच्या दप्तरात, गावाच्या इतिहासात आणि घरच्या जुन्या फोटोंत हे न सांगता करणं चूक आहे, आणि ती चूक आहे हे आत्ताच ठरवायला हवं. कारण हे काम आता इतकं सोपं झालंय की थोड्याच काळात वाढवलेला फोटो आणि मूळ फोटो यांतला फरक आपल्याला विचारावासाही वाटणार नाही.

गरज खरी आहे, हे आधी मान्य करतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ३:२, बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यांची ४:३, टीव्हीचा पडदा १६:९, मोबाइलवरचं स्टेटस ९:१६. मासिकाचं मुखपृष्ठ उभं, चौकातला फ्लेक्स आडवा. एकाच फोटोला या सगळ्या साच्यांत बसावं लागतं. कापून बसवावं तर कोणाचा खांदा जातो, कोणाचा हात जातो. मग वाढवणं हाच सभ्य मार्ग वाटतो.

पण हिशोब मांडून बघा. ३:२चा आडवा फोटो काहीही न कापता ९:१६च्या उभ्या चौकटीत भरायचा आहे. रुंदी ३ धरली, तर उंची ५.३३ लागते. हाताशी असलेली खरी उंची २. म्हणजे तयार झालेल्या चित्रात कॅमेऱ्याने पाहिलेला भाग ३७.५ टक्के, आणि उरलेला ६२.५ टक्के भाग सॉफ्टवेअरने रचलेला. ‘जरा’ म्हणून सांगितलेलं काम निम्म्याहून जास्त चित्र नव्याने काढतं. तरीही त्याला आपण फोटोच म्हणतो आणि त्याखाली फोटो काढणाऱ्याचंच नाव छापतो.

आडव्याला उभं करण्याची ही अडचण जुनीच आहे. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर गिझाच्या पिरॅमिडांचा फोटो होता, पुढून उंटस्वार चाललेले. गॉर्डन गहान यांनी काढलेला मूळ फोटो आडवा आणि मासिकाचं मुखपृष्ठ उभं. तेव्हा संगणकावर पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवून तो फोटो उभ्या चौकटीत बसवला गेला. फोटोशॉप बाजारात यायला अजून आठ वर्षं होती आणि असं काम छपाईच्या पूर्वतयारीच्या महागड्या यंत्रांवरच होत असे. मासिकावर मोठी टीका झाली. तिथेही कोणी माणसांना हात लावला नव्हता, हलवले होते ते मागचे दगड. पण ते दगड कुठे उभे आहेत आणि एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे दाखवण्यासाठीच भूगोलाला वाहिलेलं मासिक लोक विकत घेत होते. वाचक रागावले ते उगाच नाही.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत साधनं बदलत गेली. त्या बदलातला एक टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९० साली फोटोशॉप आलं. त्यातल्या क्लोन स्टॅम्पने फोटोतल्याच एका जागेचा तुकडा उचलून दुसरीकडे लावता येई. भिंत वाढवायची तर तीच भिंत पुन्हा थापायची. २००९मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि अ‍ॅडोबी इथल्या संशोधकांनी ‘पॅचमॅच’ नावाची पद्धत मांडली. रिकाम्या जागेला जुळतील असे छोटे छोटे तुकडे ती त्याच फोटोतून झटपट शोधून काढते. पुढच्याच वर्षी फोटोशॉपमध्ये ‘कन्टेन्ट-अवेअर फिल’ आलं आणि हाताने तुकडे लावण्याचं बरंचसं काम संपलं. या सगळ्या पद्धतींचं भांडवल एकच होतं, ते म्हणजे समोरचा फोटो. जे नवं दिसे ते आधीच्यातूनच उचललेलं असे. त्यामुळे चोरी पकडता येई. एकच ढग दोनदा दिसायचा, फरशीवरचा एकच डाग रांगेने उमटायचा.

जुलै २०२३मध्ये फोटोशॉपच्या चाचणी आवृत्तीत ‘जनरेटिव्ह एक्स्पांड’ आलं आणि भांडवल बाहेरून येऊ लागलं. अशा प्रणालीला प्रशिक्षणात असंख्य चित्रं दाखवलेली असतात. रिकाम्या जागेत आधी नुसता ठिपक्यांचा गोंधळ भरायचा, मग कडेच्या खऱ्या फोटोशी जुळेल अशा बेताने तो टप्प्याटप्प्याने निवळत न्यायचा, अशी ही पद्धत आहे. तिला तुमच्या घराचं अंगण ठाऊक नसतं. अंगणं साधारण कशी असतात, एवढं तिला ठाऊक असतं. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडेल, फिल्मचा दाणा किती जाड आहे, हे सगळं ती इतकं नेमकं जुळवते की शिवण दिसत नाही.

ही पद्धत स्वतःबद्दल एक गोष्ट उघड सांगते, फक्त आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. कड ओढून बटण दाबलं की फोटोशॉप एक उत्तर देत नाही, तीन देतं. पहिल्यात डावीकडे खिडकी असते, दुसऱ्यात खांब, तिसऱ्यात कुंड्यांची रांग. आवडेल ते निवडा, नाही आवडलं तर पुन्हा बटण दाबा, आणखी तीन मिळतील. मूळ फोटो काढला त्या क्षणी डावीकडे एकच काहीतरी होतं. तिथे खिडकी होती किंवा नव्हती. जिथे तीन पर्याय दिले जातात आणि निवड आवडीवर सोडली जाते, तिथे साक्ष संपलेली असते. सॉफ्टवेअर याबद्दल खोटं बोलत नाही. तीन पर्यायांतला एक निवडून उरलेले दोन पुसून टाकणारे आपण, आणि तो एकच होता असं भासवणारेही आपणच.

एका शाळेच्या स्मरणिकेचं काम चालू असताना मी हे अगदी जवळून पाहिलं. जुना कृष्णधवल वर्गफोटो होता. खुर्च्यांवर शिक्षक, त्यांच्या मागे बाकांवर उभी राहिलेली मुलं, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली लहान मुलं. कधीकाळी फ्रेममध्ये बसवण्यासाठी कोणीतरी फोटोची उजवी कड कापली होती. त्यामुळे मागच्या ओळीतल्या शेवटच्या मुलाची टोपी अर्धी, एक कान आणि एकच डोळा एवढंच शिल्लक होतं. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सलग चित्र हवं होतं, म्हणून फोटो उजवीकडे वाढवून पाहिला. पडद्यावर त्या मुलाचा चेहरा पूर्ण झाला. दुसरा डोळा आला, दुसरा कान आला, ओठांना किंचित हसू आलं. त्याच्या शेजारी तशीच टोपी घातलेला आणखी एक मुलगा येऊन उभा राहिला. दोघांच्या मागे कमानींचा व्हरांडा उमटला. दुसरा पर्याय पाहिला तर त्याच मुलाचा चेहरा वेगळा होता. तिसऱ्यात आणखी वेगळा.

त्या फोटोच्या मागे पेन्सिलने ओळीवार नावं लिहिलेली होती. शेवटच्या मुलाचंही नाव होतं. म्हणजे एका खऱ्या माणसाच्या नावावर एक रचलेला चेहरा छापला जाणार होता. त्याची मुलं, नातवंडं गावात असतील तर तो चेहरा ती आपल्या आजोबांचा लहानपणीचा चेहरा म्हणून कापून ठेवणार होती. आणि जो मुलगा शाळेत कधी नव्हताच, त्याला कोणीतरी ओळखून काढणार होतं, कारण वर्गफोटो पाहताना माणसं ओळखतातच. शेवटी फोटो आहे तेवढाच ठेवला आणि मलपृष्ठावर साधा रंगीत पट्टा टाकला. स्मरणिका त्यामुळे कुठेही कमी देखणी झाली नाही.

इथे कोणी म्हणेल की माणूस आला म्हणून तुम्हाला खटकलं. नुसता व्हरांडा आला असता तर? मला व्हरांडाही तितकाच खटकतो. जुने फोटो ज्यांनी कामासाठी चाळले आहेत त्यांना विचारा. फोटोचं साल चेहऱ्यावरून क्वचितच ठरतं. ते ठरतं मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून, दुकानाच्या पाटीवरून, कोपऱ्यात चिकटवलेल्या सिनेमाच्या पोस्टरवरून, छतावर मंगलोरी कौलं आहेत की पत्रा यावरून, खांबावरून विजेची तार गेली आहे की नाही यावरून. कोण खुर्चीवर आहे आणि कोण उंबऱ्याबाहेर उभं आहे, विहिरीच्या काठावर कोण आहे आणि काठापासून लांब कोण आहे, घरातल्या बायका दाराच्या चौकटीत अर्ध्या दिसतात की पुढे येऊन बसतात, हे सगळं मागे आणि कडेला नोंदलेलं असतं. फोटोसाठी सजून बसलेला माणूस काय दाखवायचं ते ठरवून बसतो. मागची बाजू कोणी ठरवलेली नसते, म्हणून तिच्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा एक फोटो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीनबाईंनी दिलेल्या स्वागत समारंभाच्या वेळचा. साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फोटोखाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. हा फोटो महिला दिनाच्या बॅनरसाठी रुंद करायचा मोह कोणालाही होईल. सॉफ्टवेअर क्षणात एकोणिसाव्या शतकाला शोभेल असं एखादं दालन उभं करेल, जड पडदे आणि कोरीव कपाटं यांच्यासकट. ते बॅनर दिसायला सुंदरच असेल. पण पुढे एखादी विद्यार्थिनी आनंदीबाईंवर लिहायला बसली आणि तिला आधी तेच चित्र सापडलं, तर आनंदीबाई कशा दालनात वावरत होत्या, किती श्रीमंती थाटात त्यांचं स्वागत झालं, याची वर्णनं ती त्यावरून लिहील. तिचा यात काहीच दोष नसेल. परक्या देशात, तब्येत ढासळत असताना शिकलेल्या बाईंच्या आयुष्याला आपण न मागितलेला थाट चिकटवलेला असेल.

बातमीच्या जगात याची किंमत मोजून झाली आहे. ऑगस्ट २००६मध्ये लेबनॉनमधल्या युद्धाच्या वेळी रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बैरूतचा एक फोटो प्रसृत केला. हल्ल्यानंतर शहरावर उठलेला धूर त्यात होता. वाचकांच्या लक्षात आलं की धुराचे लोट एकसारखे, पुन्हा पुन्हा तेच दिसतात. छायाचित्रकाराने क्लोन करून धूर वाढवला होता. तोही मागचाच भाग होता, नुसता धूर. पण शहरावर किती मोठा हल्ला झाला हे त्या धुरावरूनच वाचलं जात होतं. रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याचे ९२० फोटो आपल्या संग्रहातून काढून घेतले. एका फोटोतल्या धुरापासून सुरुवात झाली आणि बाकीचे शेकडो फोटो अविश्वासार्ह ठरले. तेव्हा पुनरावृत्तीने ती लबाडी उघडी पाडली. आजच्या साधनांनी वाढवलेल्या धुरात कोणताही लोट दुसऱ्यासारखा नसेल.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वजनदार आहे. फोटो पूर्वी तरी कुठे खरा होता, असं विचारलं जातं. मुंबईचंच उदाहरण घ्या. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या वर्तुळातले विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो असलेला दोन भागांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि मागची दृश्यं दुसरीकडची. आकृत्या कापून त्या वेगळ्याच पार्श्वभूमीवर बसवलेल्या आहेत. म्हणजे फोटो आपल्याकडे रुळत होता तेव्हापासून मागची बाजू बदलली जातेय.

हे खरं आहे, आणि त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. लंडनमध्ये बसून तो ग्रंथ चाळणाऱ्याला अमुक जातीचे लोक अमुक प्रकारच्या जागी राहतात, असं ती चित्रं सांगत होती. माणसं खरी होती, कपडे खरे होते. त्यांना जागा नेमून दिली ती ग्रंथकर्त्याने. जातीला ठरलेल्या चौकटीत बसवण्याचं काम तिथे माणसामागच्या चित्राने केलं. पुढच्या अभ्यासकांनी ही जोडणी ओळखली, म्हणून आज तो ग्रंथ आपण सावधपणे वाचतो. आपल्या हातून तयार होणारे फोटो सावधपणे वाचायची सोय आपण पुढच्या पिढीसाठी ठेवणार आहोत का, एवढाच प्रश्न आहे.

स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्याचं मात्र वेगळं आहे. महालाचे खांब, तळ्यातले हंस, डोंगरामागचा चंद्र असे पडदे लावून आपल्या आजोबा-आजींनी फोटो काढून घेतले. पडदे रंगवण्याची कला आपल्याकडे मानाची होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी सिनेमा काढण्याआधी संगीत नाटकांचे पडदे रंगवून नाव कमावलं होतं. नाटकातला राजवाडा पडद्यावरचा आहे हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना माहीत असे. स्टुडिओतल्या पडद्याचंही तसंच. खाली पडद्याची सुरकुती दिसते, त्याची कड जमिनीवर टेकलेली दिसते, पुढे सतरंजी संपून फरशी सुरू होते. फोटो काढून घेणाऱ्याने तो पडदा हौसेने निवडलेला असतो, त्यामुळे त्याची हौस काय होती हेसुद्धा आपल्याला कळतं. तो पडदाही खरी साक्ष देतो. सॉफ्टवेअरने वाढवलेल्या भागात हौस कोणाचीच नसते आणि सुरकुतीही नसते.

दुसरा आक्षेप असा की क्रॉप करणं चालतं, तर वाढवणं का चालू नये? दोन्हींत चौकट बदलतेच. कापूनही खोटं बोलता येतं, हे मी नाकारत नाही. सभेत पन्नास माणसं असताना पुढची दहा दाखवून गर्दी भासवता येते. पण कापलेल्या फोटोत जे उरतं ते सगळं कॅमेऱ्यासमोर होतं. कापणारा काहीतरी लपवतो, पण नसलेली गोष्ट आणून उभी करत नाही. शिवाय चौकटीची कड स्वतः एक कबुली असते. यापलीकडचं मला माहीत नाही, असं ती सांगते, आणि पाहणाऱ्याला पलीकडे काय असेल असा प्रश्न पडू देते. वाढवलेल्या फोटोत तो प्रश्न पडण्याआधीच त्याचं उत्तर हजर असतं. त्याच पन्नास माणसांच्या सभेचा फोटो दोन्ही बाजूंना वाढवला तर सॉफ्टवेअर आणखी डोकी आणून बसवेल, कारण गर्दीच्या कडेला आणखी गर्दी असते हेच त्याने शिकलेलं आहे. कोणाची लबाडी करायची इच्छा नसतानाही सभा मोठी होईल.

हा शेवटचा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. जुन्या फोटोतल्या खोटेपणामागे कोणाचा तरी हेतू असायचा आणि हेतू शोधता यायचा. इथे हेतू शुद्ध आहे. गावातल्या मंडळाला फ्लेक्स चांगला हवाय, मुलीला आईच्या फोटोची मोठी फ्रेम हवीय, उपसंपादकाला पान वेळेत लावायचंय. आणि भर पडते ती नेहमी सरासरीची. अंगण म्हटलं की ठरावीक अंगण, खेडं म्हटलं की ठरावीक खेडं. ज्या गोष्टी सरासरीत बसत नाहीत त्याच नेमक्या गळतात. दारातलं तुळशीवृंदावन कडेला अर्धं कापलेलं असेल तर त्याचं पुढे काय करायचं हे सॉफ्टवेअर जगभरच्या अंगणांवरून ठरवतं, आणि त्यात दगडी कुंडीची शक्यता वृंदावनापेक्षा जास्त असते. असे फोटो एकेक करून इंटरनेटवर जातात, त्यातूनच उद्याच्या प्रणाली शिकतात, आणि आपल्या घरांचं, आळ्यांचं, बाजारांचं जे वेगळेपण फोटोंच्या कडांवर टिकून होतं, ते कोणी न ठरवता पुसलं जातं.

मग वाढवायचंच नाही का? वाढवायचं असेल तर कसं, याचा वस्तुपाठ अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने घालून दिला आहे. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ हे १६४२चं भव्य चित्र. १७१५मध्ये ते नगरभवनात हलवताना तिथल्या भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं गेलं. डावीकडचा सुमारे साठ सेंटिमीटरचा पट्टा गेला आणि कापलेले तुकडे पुन्हा कधी सापडले नाहीत. २०२१मध्ये संग्रहालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने हे हरवलेले भाग तयार केले. पण ते कल्पनेने भरले नाहीत. चित्र कापलं जाण्याआधी गेरिट लुंडेन्स या चित्रकाराने त्याची लहान नक्कल करून ठेवली होती. संगणकाला त्या नकलेवरून रेम्ब्रांटच्या रंगांत आणि कुंचल्याच्या ढंगात पट्टे काढायला शिकवलं गेलं. ते पट्टे वेगळ्या फलकांवर छापून मूळ चित्राभोवती तीन महिने लावले आणि मग काढून घेतले. मूळ चित्राला कोणी हात लावला नाही. डावीकडे जागा मिळाल्यावर कॅप्टन आणि त्याचा लेफ्टनंट मधोमध न राहता उजवीकडे सरकले आणि सगळी तुकडी पुढे चालू लागल्यासारखी दिसू लागली. चित्राबद्दल खरंच काहीतरी नवं कळलं.

त्याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवून पाहा. ऑगस्ट २०२२मध्ये ओपनएआयने आपल्या डॅल-ई प्रणालीत चित्र चौकटीबाहेर वाढवण्याची सोय आणली. ती दाखवण्यासाठी व्हर्मीरच्या ‘मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी’ या चित्राभोवती सामानाने भरलेलं आख्खं घर उभं केलं. ते चित्र जगभर फिरलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०२०मध्ये, हेगच्या माउरिट्सहाउस संग्रहालयाने मूळ चित्राच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले होते. मुलीच्या मागचा काळोख मुळात काळोख नव्हता. तिथे व्हर्मीरने हिरवा पडदा रंगवला होता, आणि काळाच्या ओघात रंग बदलून तो दिसेनासा झाला. रिकाम्या वाटणाऱ्या जागेकडे नीट पाहिलं तर तिथे काय होतं हे सापडलं. घर उभं करणाऱ्या चित्रातून व्हर्मीरबद्दल एक अक्षरही कळलं नाही. दोन्ही ठिकाणी संगणक होता. फरक पडला तो आधार होता की नाही, याने.

यातून रोजच्या कामाला लावता येईल अशी कसोटी मिळते. या कडेपलीकडे काय होतं, असा प्रश्न या फोटोबाबत कोणी कधी विचारू शकेल का? शाम्पूच्या बाटलीमागच्या धुक्याबद्दल कोणी विचारणार नाही. लग्नाच्या पत्रिकेवरच्या फुलांच्या वेलीबद्दलही नाही. तिथे खुशाल वाढवा. छपाईत कागद कापताना लागणाऱ्या तीन मिलिमीटरच्या ब्लीडसाठी कोणी हटून बसू नये, कारण तो भाग कापून टाकण्यासाठीच असतो. पण सत्याग्रहाचा, मोर्चाचा, पुराचा, शाळेच्या वर्गाचा, संपाच्या सभेचा, गिरणीच्या आवाराचा, घराच्या ओट्याचा फोटो असेल तर तो प्रश्न आज ना उद्या कोणीतरी विचारणारच. तिथे वाढवू नका.

न वाढवता जागा भरायचे मार्ग आहेत आणि ते स्वस्तही आहेत. वृत्तवाहिन्या मोबाइलवरचं उभं चित्रीकरण आडव्या पडद्यावर दाखवतात तेव्हा दोन्ही बाजूंना त्याच चित्राची धूसर प्रत पसरवतात. दिसायला ती फार सुंदर नसते, पण खरं चित्र कुठे संपलं हे लहान मुलालाही कळतं. रंगाचा पट्टा टाकता येतो, मजकूर बाजूला घेता येतो, पांढरा समास सोडता येतो. नव्याने फोटो काढायचा असेल तर कॅमेरावाल्याला आधीच सांगता येतं की चारही बाजूंना मोकळं ठेवून घ्या.

तरीही वाढवावंच लागलं तर दोन गोष्टी सक्तीच्या असाव्यात. मूळ फाइलवर कधीही सेव्ह करायचं नाही. वाढवलेली प्रत वेगळ्या नावाने, ‘वाढवलेली’ असा शब्द नावातच घालून ठेवायची. आणि फोटोखाली स्वच्छ मराठीत लिहायचं: ‘डावीकडचा भाग संगणकाने तयार केलेला’. फोटो कसा तयार झाला याची माहिती फाइलमध्येच नोंदवून ठेवण्याचं एक तांत्रिक मानक २०२१पासून सी-टू-पी-ए या संघटनेमार्फत आकाराला येतंय, आणि ते चांगलंच आहे. पण मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो पुढे जाताना किंवा स्क्रीनशॉट घेताना अशी आतली नोंद सहज गळून पडते. छापलेल्या पानावर तर ती असूच शकत नाही. फोटोखालची ओळ कागदावरही टिकते आणि ती वाचायला कोणतंही यंत्र लागत नाही.

हे नियम संपादकांनी आपल्या शैलीपुस्तिकेत घालावेत, ग्रंथालयांनी आणि संस्थांनी फोटो देताना अट म्हणून लिहून घ्यावेत, फोटोंच्या स्पर्धांनी आणि विद्यापीठांनी ते मागावेत. आणि घराघरांतून, जिथे कोणताही कायदा पोचत नाही, तिथे जुने फोटो स्कॅन करणाऱ्या तरुण मुलामुलींनी ते स्वतःहून पाळावेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांचा इतिहास कुठल्याही बखरीत किंवा दप्तरात लिहिलेला नाही. शेतमजुरांचा, गिरणीकामगारांचा, घरात राबणाऱ्या बायकांचा, गावकुसाबाहेर ठेवलेल्यांचा जो काही दृश्य पुरावा उरला आहे तो बऱ्याचदा दुसऱ्याच कोणाच्या फोटोच्या मागच्या बाजूला, कडेला, अर्धा कापलेला असा उरला आहे. त्यांना फोटोच्या मध्यभागी कोणी बसवलं नव्हतं. ती कड आपण सुबक करायला गेलो तर त्यांच्याबद्दलची उरलीसुरली नोंद आपल्याच हाताने खोडली जाईल. म्हणून फोटो अपुरा असेल तर तो अपुराच छापावा, आणि तो कुठे अपुरा आहे हे पाहणाऱ्याला दिसू द्यावं.